प्रेसच्या बटणातली पाचर

माझ्या ट्रेनिंगच्या बॅगेत मार्कर, चार्टपेपर, हजेरीचे कागद असतात आणि त्यांच्यासोबत एक लाकडाची पाचर असते. बोटभर लांब, तेलाने काळी झालेली, एका बाजूने अंगठा लागून लागून गुळगुळीत झालेली. गेली सहा वर्षं ती माझ्याकडे आहे. मी बिझनेस एथिक्स आणि सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं, ट्रेनिंग घेते, चाकण, भोसरी, रांजणगाव, कधी वाळूज, कधी सातारा एमआयडीसी, आणि ओळखीचे लोक नेहमी विचारतात की म्हणजे नक्की काय शिकवता तुम्ही, चोरी करू नका, खोटं बोलू नका हे मोठ्या माणसांना काय शिकवायचं. तर ते एकदा नीट सांगावं म्हणून आज लिहायला बसलेय, आणि पाचरीपासूनच सांगते.

चाकणकडच्या एका प्रेस शॉपमध्ये मॅनेजर आणि सुपरवायझर मिळून २२ जणांची बॅच होती. कंपनीचं नाव सांगणार नाही, आणि अशा जागा काही एकच नाहीत. सकाळचं सेशन कॉन्फरन्स रूममध्ये झालं, सगळे माना डोलवत होते, जेवण झाल्यावर मी म्हणलं आता मला लाइन दाखवा. हे मी नेहमी मागते कारण एसीत बसून माणसं पुस्तकातली उत्तरं देतात. तिथे एका जुन्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवर, एक पोरगा होता, परभणीकडचा, ठेकेदाराकडून आलेला, असेल बावीस-तेवीस वर्षांचा. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड भाग, खाली येतो, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर असणारच. किती साधी आणि किती चांगली सोय आहे बघा. त्याच्या डाव्या बटणात पाचर ठोकलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. उजव्या हाताने तो बटण दाबत होता आणि डावा हात डायमध्ये पत्रा सरकवत होता, आत बाहेर, आत बाहेर, आणि माझा जीव नुसता घशाशी आला होता.

सुपरवायझरला सांगून प्रेस थांबवली आणि त्याला विचारलं, दादा, हे कशाला लावलंय? तो आधी सुपरवायझरकडे बघायला लागला, मग हळूच म्हणाला, "मॅडम, दोन हातांनी काउंट बसत नाही."

परत कॉन्फरन्स रूममध्ये आलो तर सेफ्टीचे साहेब तापलेले, मेमो द्या, ठेकेदाराला बोलवा, पोराला उद्यापासून बंद करा, आम्ही दर महिन्याला टूलबॉक्स टॉक (सेफ्टीच्या सूचना) घेतो तरी ही मुलं ऐकत नाहीत. मी म्हणलं साहेब दहा मिनिटं द्या. फळ्यावर लिहिलं, ताशी ४५० पीस, कारण तोच आकडा मशीनवरच्या बोर्डावर खडूने लिहिलेला होता. ३६०० सेकंद भागिले ४५०, एका पीसला आठ सेकंद. मग आम्ही सगळे परत खाली गेलो, पाचर काढली, त्यांच्याच सगळ्यात हुशार ऑपरेटरला उभं केलं आणि मोबाइलवर वेळ लावली. पत्रा ठेवा, हात बाहेर, दोन्ही बटणं, चिमट्याने पीस काढा. दहा सेकंद. कधी अकरा, पण दहाच्या खाली एकदाही नाही. म्हणजे तासाला ३६०. बाकीचे ९० पीस दर तासाला त्या पाचरीतून येत होते.

ते समजल्यावर त्या खोलीत जी शांतता पसरली ना, तेवढ्यासाठी मी हे काम करते. मग विचारलं हा ४५० कुणी ठरवला? प्रॉडक्शनचे म्हणाले आम्हाला प्लॅनिंगकडून आला, प्लॅनिंगचे म्हणाले कोटेशनमध्ये तोच धरलाय, आणि कॉस्टिंगचे साहेब तिथेच बसले होते, त्यांनी खरं काय ते सरळ सांगितलं की ऑर्डर मिळायला हवी होती म्हणून सायकल टाइम, म्हणजे एका पीसचा वेळ, आठ धरला, प्रत्यक्ष मशीनवर जाऊन कुणी मोजला नव्हता. आता सांगा, त्या पोराला एथिक्स शिकवू की सेफ्टी शिकवू? त्याला बोट प्यारं नव्हतं का? काउंट नाही बसला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतो हे त्याला माहीत होतं आणि ते आमच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी प्रत्येक एचआरला पहिल्या मीटिंगमध्येच सांगते, की ट्रेनिंग आधी आकडे ठरवणाऱ्यांचं करा, मग आकडे गाठणाऱ्यांचं. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. कामगारांना तीन-तीन तास बसवतात आणि मोठे साहेब दोन शब्द बोलून दिवा लावून निघून जातात कारण त्यांची रिव्ह्यू मीटिंग असते, आणि खरं तर त्या रिव्ह्यू मीटिंगमध्येच सगळं ठरत असतं.

हे मी इतकं ठामपणे का बोलते त्याला माझं स्वतःचं कारण आहे. २००३ साली मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला होते, डिप्लोमा करून लागले होते, सव्वीस वर्षांची. मार्चएंड चालू होता. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या पिनांचा लॉट होता, ड्रॉइंगप्रमाणे हार्डनेस ५५ ते ६० एचआरसी (कडकपणा मोजायचं माप) पाहिजे. मी पाच सॅम्पल लावले, ५१, ५२, ५१, ५३, ५२. परत लावले, तेच. ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर बिलासाठी दोनदा येऊन गेला, आणि आमचे क्वालिटीचे साहेब माझ्या टेबलापाशी आले. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. नुसतं म्हणाले, "लिहून टाक गं, मी आहे ना." मी लिहिलं. ५६, ५७, ५६, ५८, ५७. सारखेच आकडे लिहिले तर संशय येईल म्हणून वेगवेगळे लिहायचं हेही मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप सुचलं, आणि त्याची मला आजही जास्त लाज वाटते.

आणि मग काहीच झालं नाही. लॉट गेला, पासही झाला. पुढच्या महिन्यात परत तसंच, तेव्हा साहेबांना टेबलापर्यंत यावं लागलं नाही, लांबून नुसती मान हलवली. तिसऱ्या वेळी तर त्यांनी मानही हलवली नाही, मीच लिहिलं. वर्षभराने कस्टमरच्या ऑडिटमध्ये ठेवलेले नमुने तपासले गेले आणि सगळं बाहेर आलं, तेव्हा त्याच साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, रिपोर्टवर सही कुणाची आहे? सही माझीच होती. मी दोन महिन्यांत ती नोकरी सोडली. आई विचारत होती चांगली नोकरी का सोडलीस, तिला मी खरं कारण खूप वर्षांनी सांगितलं.

मॅनेजर लोकांना मी सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण देते ते यासाठीच. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी बोर्डाला पत्र लिहून खोट्या हिशेबाची कबुली दिली. हजारो कोटींचा घोळ म्हणून सगळ्यांना ते आठवतं, पण त्या पत्रातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे, त्यांनी लिहिलंय की खरा नफा आणि वह्यांत दाखवलेला नफा यातला फरक सुरुवातीला किरकोळ होता, तो वर्षं जातील तसा वाढत गेला. ५१ चे ५६ करणं म्हणजे तो किरकोळ फरकच. आणि त्याच कंपनीला आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, म्हणजे कंपनी चोख चालवल्याचा, पुरस्कार मिळालेला होता. तिथेही कोड ऑफ कंडक्ट होता, सह्या घेतलेल्या होत्या, सगळं होतं.

हल्ली दर फेब्रुवारी-मार्चला मला फोन यायला लागतात, मॅडम, वर्ष संपायच्या आत ट्रेनिंग कव्हरेज ९५ टक्के दाखवायचंय. याचं कारण शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट, म्हणजे कंपनी किती जबाबदारीने चालते त्याचा अहवाल. मार्केट कॅपनुसार, म्हणजे शेअर्सच्या एकूण बाजारभावानुसार, पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला आणि त्यात पहिल्याच तत्त्वाखाली विचारलेलं असतं की बोर्ड, वरचे अधिकारी, कर्मचारी आणि कामगार यातल्या किती टक्के लोकांना ट्रेनिंग दिलं. प्रश्न चांगला आहे, बोर्डाच्या ट्रेनिंगबद्दलही त्यात विचारलंय हे तर फारच चांगलं आहे, नाहीतर कोण विचारत होतं. पण टक्का विचारला की माणसं टक्का आणून देतात. एका ठिकाणी सुपरवायझरने मला चहाच्या वेळी सांगितलं की कामगारांना ईमेल आयडी नसतात म्हणून त्याने एकट्याने एका दुपारी एकाच कॉम्प्युटरवर १४ जणांचं ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण केलं, नेक्स्ट नेक्स्ट करत, आणि शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं त्याला पाठ झाली होती. मॉड्यूल होतं प्रामाणिकपणावर. बरं तो माणूस वाईट नव्हता हो, अगदी काळजीने सांगत होता, त्याला वरून संध्याकाळपर्यंत आकडा मागितला होता. परत तीच पाचर.

शिवाय ते मॉड्यूल इंग्लिशमध्ये. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणजे काय हे मी शॉप फ्लोअरवर विचारलं तर कुणी बोलत नाही, पण "तुमच्या मेव्हण्याचा टेम्पो कंपनीत लावायचा आणि त्याची बिलं तुम्हीच पास करायची, चालेल का?" असं विचारलं की अख्खी खोली बोलायला लागते. कारण असा टेम्पो प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो. दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सबद्दल तर दीड-दीड तास चर्चा होते, बॉक्स चालतो पण त्यात चांदीचं नाणं असेल तर, नाणं नको पण व्हेंडरने मुलाच्या बारशाला येऊन पाकीट दिलं तर. या चर्चा मला खूप आवडतात कारण रेघ कुठे मारायची हे माणसं स्वतः ठरवतात आणि मग ती पाळतात पण.

चहापाण्याचा विषय निघतोच. त्यावर मी थोडक्यात कायदा सांगते, कारण तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी माणसाला लाच देणं हासुद्धा सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची. "आम्ही देत नाही, आमचा कन्सल्टंट देतो" हे जे आहे ना, तेही चालत नाही, कंपनीच्या कामासाठी कंपनीशी जोडलेल्या कुणीही दिली तरी कंपनी अडकते, आणि सुटायचं असेल तर आपण रोखायची नीट व्यवस्था केली होती हे दाखवावं लागतं. ट्रेनिंग हा त्या व्यवस्थेचाच भाग. हे ऐकल्यावर अकाउंट्सवाले 'किरकोळ खर्च' हे खातं जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

आता सीएसआर. माझ्या मते इथे सगळ्यात जास्त घोटाळा डोक्यातला आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, नेट वर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. पैसा आला, कामंही चांगली झाली, मी बघितलीत. पण झालंय असं की लोकांना वाटायला लागलं सामाजिक जबाबदारी म्हणजे ते २ टक्के, बाकीचे ९८ कसे कमावले ते त्याच्यात येतच नाही.

एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर दिवसाला मला बोलावलं होतं, नवीन टी-शर्ट, शाळेच्या भिंती रंगवणं, झाडं लावणं. त्याच आठवड्यात माझ्या ओळखीचे एक काका भेटले, त्यांचं भोसरीत दोन लेथचं वर्कशॉप आहे, त्याच कंपनीला ते बुश पुरवतात. बिल अडकून १३० दिवस झाले होते. मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायला त्यांनी काकूंच्या पाटल्या गहाण टाकल्या. काका मला म्हणाले, "ते शाळेला रंग देतायत ते चांगलंच आहे गं, पण माझे पैसे दिले असते तर मीच दिला असता." मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. काका व्याज मागणार का? पुढची ऑर्डर जाईल. आता आयकरात पण आलंय की वेळेत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, त्यामुळे २०२४ पासून फायनान्सवाले जरा जागे झालेत. पण कलमाची भीती यायच्या आधी सुद्धा ते पैसे काकांचेच होते ना. म्हणून माझ्या सीएसआरच्या ट्रेनिंगमध्ये मी परचेस आणि फायनान्सची माणसं मागते. सुरुवातीला एचआरला कळत नाही यांचा काय संबंध.

खेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एका प्लांटच्या मॅनेजरना घेऊन गेले होते, टी-शर्ट नको, फोटो नको, एक तास फक्त प्रश्न विचारायचे एवढीच अट. शाळेत आधीच कुणीतरी दिलेला मोठा आरओ फिल्टर होता, भिंतीवर पाटी पण होती, आणि तो आठ महिने बंद होता. मेम्ब्रेन बदलायला पैसे नाहीत. पोरं शेजारच्या पिंपातून ओगराळ्याने पाणी पीत होती. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, फिल्टर परत नको, मुलींच्या बाथरूमला पाणी चढत नाही तेवढं बघा, मोठ्या मुली दुपारी घरी निघून जातात. मेंटेनन्सचे साहेब तिथेच वाकून पंप बघायला लागले, फुटव्हॉल्व्ह गेला होता. एवढंच होतं हो. त्यांनी ठरवलं प्लांटचा फिटर महिन्यातून एकदा येऊन जाईल, फिल्टर पण बघेल. फायनान्सने विचारलं हे कुठल्या हेडखाली दाखवायचं, कारण कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, तर प्लांट हेड म्हणाले, कुठेच दाखवू नका, फिटर पाठवा. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मी त्यांना विचारते तुमची साप्ताहिक सुट्टी कुठून आली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालकाची जबाबदारी नफ्यापुरतीच असते का हा वाद आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे 'बोला, आम्ही ऐकतो' हे शिकवणं. लिस्टेड कंपन्यांना तक्रारीची व्यवस्था ठेवावीच लागते, कंपनी कायद्याचं कलम १७७ आहे. पण एका कंपनीत ती तक्रारपेटी मॅनेजरच्या केबिनला लागून, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली लावलेली होती, आणि चावी त्याच मॅनेजरकडे. मी कामगारांना कुठल्या तोंडाने सांगू की चिठ्ठी टाका? मंजुनाथ षण्मुगमची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. आयआयएम लखनौचा मुलगा, इंडियन ऑइलमध्ये अधिकारी, लखीमपूर खीरीत भेसळ करणारा पेट्रोल पंप सील केला म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, वय २७. मी ती गोष्ट कामगारांना हिंमत द्यायला सांगत नाही. मॅनेजरना सांगते, की खरं बोलणाऱ्याला एकटं सोडलं की काय होतं ते बघा, आणि तुमच्याकडे कुणी येऊन बोललं तर त्याचं नाव कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे आधी लिहून ठेवा. २००३ मध्ये मला पण कुणीतरी एक माणूस हवा होता ज्याच्याकडे जाऊन सांगता आलं असतं की आकडे ५१ आलेत.

त्या प्रेस शॉपमध्ये तीन महिन्यांनी परत गेले होते. बोर्डावर आधी ३६० लिहिलं होतं ते पुसून ४०० केलं होतं, माझ्या पोटात गोळाच आला, पण जवळ जाऊन बघितलं तर पीस बाहेर उडवायला त्यांनी हवेची नळी बसवली होती, चिमटा गेला, एका पीसला नऊ सेकंद, दोन्ही हातांनी. कॉस्टिंगच्या साहेबांनी स्वतः उभं राहून मोजलं होतं. परभणीचा तो पोरगा मात्र तिथे नव्हता, ठेका बदलला होता, आणि नवीन ठेकेदाराला विचारून पण त्याचा पत्ता लागला नाही.

येत्या गुरुवारी फायनान्स आणि परचेसची १८ जणांची बॅच आहे. या वेळी पाचरीसोबत काकांच्या त्या बिलाची झेरॉक्स पण नेतेय, कंपनीचं नाव झाकून. त्यावर बिल 'मिळाले'चे तीन शिक्के आहेत, तिन्ही वेगवेगळ्या तारखांचे.